खिळ्याला तेल

तुंगार्लीतल्या त्या बंगल्याची भिंत अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा लोणावळ्यात हवालदार होतो. शिक्षण सातवी, तेही रडतखडत. पण तपासात मला मागं टाकील असा माणूस आमच्या ठाण्यात नव्हता. हे मी तेव्हाही तोंडावर म्हणायचो, आजही म्हणतो. ज्याला पटत नसेल त्यानं पुढचं वाचावं.

गौरी-गणपती होऊन गेले होते. पाऊस सरत आला होता, पण घराघरांतली ओल हटली नव्हती. सकाळची हजेरी चालू असताना मुंबईचे एक गृहस्थ ठाण्यात आले. त्यांच्या आत्याचा तुंगार्लीत जुना बंगला. आत्या मुंबईला राहायच्या आणि पावसाळाभर बंगला बंद असायचा. दिवाणखान्यातलं मोठं तैलचित्र गायब झालं होतं. इंग्रजांच्या काळात कुण्या चित्रकारानं बंगल्यात मुक्काम करून काढलेलं. तळ्याकाठी खुर्चीत बसलेली एक बाई. ती आत्याची आई. आत्या लहान असतानाच ती वारली आणि तिचा दुसरा एक फोटोही घरात नव्हता.

"किल्ली एकाच माणसाकडे असते," भाचा म्हणाला. "राखणदार बाईकडे. तिला आत टाका, आपोआप बोलेल."

साहेबांबरोबर मी पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके, आणि चित्राच्या मापाची जागा तर जास्तच काळी. भाचा साहेबांना चित्राची थोरवी सांगत होता, तोवर मी स्टुलावर चढून खिळा बघितला. खिळ्याला तेलात भिजवलेलं फडकं गुंडाळलं होतं आणि वरून दोरा आवळला होता. आमच्याकडच्या पावसात लोखंड गंजतं, म्हणून.

मी खाली उतरलो. "साहेब, ही चोरी नाही."

"मग काय आहे?"

"ते अजून ठाऊक नाही. पण चोर जाताना खिळ्याला तेल लावत नाही."

साहेब हसले. "हवालदार, खिळ्याचा जबाब कोर्टात चालत नाही."

दुपारी खबर आली. कान्हे स्टेशनबाहेर माझा एक खबऱ्या चहाची टपरी चालवायचा. त्याला म्हणे सगळं आठवत होतं. "ती तुंगार्लीची मावशी ना? श्रावणात लोकलमधनं उतरली व्हती. संगं तिचा भाऊ. दोघांनी घोंगडीत गुंडाळलेलं काय तरी मोठं चपटं धरलं व्हतं. म्या म्हनलं, मावशी, दार इकत आनलं का? तर हासली बी न्हाई."

साहेबांनी टेबलावर हात मारला. "झालं! महिला पोलीस बोलवा. दिवस मावळायच्या आत अटक दाखवू."

मी अडून बसलो. म्हणालो, आधी मी बोलतो. साहेबांना माझा हट्टीपणा माहीत होता. त्यांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली.

राखणदार मावशी साठीच्या पुढची. तरुणपणी विधवा झाली तेव्हापासून बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत होती. ठाण्यात बाकावर बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी मावळातलाच, तिच्याच बोलीत विचारलं.

"मावशी, चित्र कुटं हाय?"

"म्या चोरलं न्हाई."

"मग भावाकडं काय नेलं?"

पाण्याचा पेला तसाच. मग म्हणाली, "भाऊ, तुमी मला आत टाकनार ना? मग टाका की लवकर."

इथं माझे कान टवकारले. चोर पोलिसाच्या तोंडाकडं बघतो, काठीकडं बघतो. ही सारखी दाराकडं बघत होती.

"बाई कवा येनार हायत?" तिनं विचारलं.

"सांजच्याला."

ऐकलं आणि तिनं दाराकडं पाठ फिरवली. ती पोलिसाला भीतच नव्हती. मालकीणबाई यायच्या आत तिला गजाआड व्हायचं होतं.

जीप काढली आणि कान्ह्याजवळच्या तिच्या भावाच्या घरी गेलो. भाऊ दारात आडवा. "सायेब, आमच्याकडं चित्र म्हंजे क्यालेंडर हाय तेवढं. लागत आसंल तर न्या."

झडती घेतली, काही नाही. निघताना मी स्वयंपाकघरात थांबलो आणि वर बघितलं. चुलीवरच्या आढ्याला बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली. शेजारी दोरीचे दोन फास, रिकामे, दाराएवढ्या अंतरावर. माझी आईसुद्धा पावसाळ्यात जे कुजू द्यायचं नाही ते चुलीच्या धुरावर टांगायची. कणसं, सुपं, वडिलांच्या चपलासुद्धा.

"दादा," मी म्हणालो, "खाली कधी काढलं?"

त्यानं फासांकडं बघितलं. "गौरीच्या आधी. पार काळं झालंय वो. तोंडच दिसंना. ताईचं आन्न तुटलंय तवापासनं."

चित्र गोठ्यात पेंढ्याखाली निघालं.

मी ते ठाण्यात नेलंच नाही. सरळ बंगल्यावर नेलं आणि मावशीलाही तिथंच आणवलं. मालकीणबाई आल्या होत्या. वयस्कर, करारी. चित्रावरची घोंगडी काढली. तळं नाही, खुर्ची नाही, नुसती काजळी.

मावशी भिंतीला टेकून उभी राहिली. "बाई, म्या चोरी न्हाई केली. त्याच्याहून वंगाळ केलं. तुमच्या आईच्या गालावर बुरशी आलती. पुसली का परत यायची. धुरावर किडा-बुरशी लागत न्हाई, म्हनून नेलं. मला चोर म्हना, पर तुमच्या आईचं तोंड मी घालवलं आसं म्हनू नका."

बाई वाकल्या, रुमालाचं टोक जिभेनं ओलं केलं आणि काजळीवरून हलकेच फिरवलं. पुन्हा फिरवलं. आधी गाल दिसला, मग एक डोळा.

"ही काय, इथंच आहे," बाई म्हणाल्या. मग एकदम मावशीवर ओरडल्या, "आणि मला फोन करायला काय झालं होतं गं? अन्न सोडून बसली शहाणी! जा, चहा टाक सगळ्यांना."

भाचा पुटपुटला, "पण आत्या, मी तक्रार दिलीय."

"तू दिलीस, तूच मागे घे."

स्टेशन डायरीला नोंद पडली, वस्तू मिळाली, चोरी झालेली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः माझ्यापुढं चहा सरकवला. मला तेवढं पुरलं.

चित्र मुंबईला जाणकाराकडून साफ होऊन आलं. थोडी तांबूस झाक राहिली ती राहिलीच. टांगायच्या दिवशी बाईंनी मला मुद्दाम बोलावलं. मावशीनं खिळ्यावरचं फडकं सोडलं, तर खिळा नव्यासारखा चकचकीत.

नंतर पुष्कळ चोऱ्या उघड केल्या, बक्षिसंही घेतली. नव्या पोरांना मात्र मी हीच गोष्ट सांगायचो. काय गेलं ते फिर्यादी सांगतोच. तुम्ही मागं काय ठेवलंय ते बघा. परत आणायच्या बोलीनं नेलेली वस्तू आपली जागा राखून जाते.