फोडणी बंद, लेक घरी

काय घोळ घातला मी, तो ऐका. फक्त आमच्या ह्यांच्यासमोर हसू नका, त्यांना अजून राग आहे.

लेक पुण्याला शिकते. दिवाळीनंतर आलीच नव्हती. रावेरच्या घरात आम्ही दोघंच. तिची इतकी आठवण यायची की दुपारी मी तिच्या खोलीत जाऊन उगाच बसायचे. त्यात एका सकाळी व्हिडिओ कॉलवर बघते, तर गालभर लाल फोड. कांजिण्याच. म्हणजे माता आली की हो.

"मिळेल त्या गाडीनं घरी ये," मी म्हटलं.

"आई, मुरुम आहेत ते."

"मातेला असं बोलू नये."

ती पोचायच्या आत दाराला कडुलिंबाची डहाळी लागली आणि घरात फोडणी बंद. शेजारच्या धुळ्याकडच्या अक्का उंबऱ्यातूनच बघून म्हणाल्या, "बठ्ठं तोंड भरी गयं शे, बाई." झालं, पोरीचं सगळं तोंड भरलंय ही गल्लीभर बातमी. पोरीला लिंबाच्या पाल्यावर निजवलं, केससुद्धा विंचरू दिले नाहीत. ती चिडायची, मी तिचा हात धरून उशाशी बसायचे. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं मला.

हाल झाले ते ह्यांचे. झणझणीत शेवभाजीचा माणूस, त्याला रोज बिनफोडणीचं वरण. पाचव्या दिवशी ताट सरकवून उठले.

"हिला ना ताप, ना खाज. चल, जळगावला दाखवू."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली गाल बघितले, पाठ बघितली.

"बारीक काळी-पांढरी टोकं आहेत, बरेच लाल फोड, काहींत पू. पाठीवरही आलेत. मोठ्या दुखऱ्या गाठी नाहीत, ते बरं. मध्यम प्रकारचे मुरुम आहेत हे. किती दिवस झाले?"

"पाच," मी म्हटलं.

"चार महिने," लेक म्हणाली. "आईशी बोलताना मी फिल्टर लावायचे. त्या दिवशी विसरले."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं म्हणता. मी आपली भिंतीवरचा तक्ता वाचत बसले.

"फोडायचे नाहीत, डाग राहतात," बाई म्हणाल्या. "हे मलम रोज रात्री लावायचं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील."

दोन-तीन महिने! मी खुर्ची पुढे ओढली.

"मग तोवर हिला घरीच ठेवावं लागेल ना?"

बाईंनी चिठ्ठीवरून मानसुद्धा वर केली नाही.

"ताई, मलम पुण्यातही लावता येतं."