न उघडलेलं इंजिन

टू-स्ट्रोक इंजिनाचा आत्मा ज्यांना कळला आहे अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यांतले एक माझे साडू आहेत. हे मला त्यांनीच सांगितलं. बाकीची कोण, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते बराच वेळ आठवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "एक होता पेणला. पण तो आता स्कूटर चालवतो."

न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कागदावर नाही ते अस्तित्वात नाही, या तत्त्वावर ते पनवेलच्या घरीही जगतात. लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिलेलं नसेल तर ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, घरी ठेवून ते एकटे जेवून येतात. फक्त मोटरसायकलीला हा नियम लागू नाही. त्या चाळीस वर्षांच्या गाडीबद्दल बनवणाऱ्यांनी जे जे लिहून ठेवलं होतं ते सगळं त्यांनी रद्द केलं आहे. कार्बोरेटर मोठा बसवला आहे, सायलेन्सर मध्येच पोट सुटल्यासारखा फुगवला आहे, आणि इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंप काढून टाकला आहे. ऑइल माणसाने स्वतःच्या हाताने पेट्रोलमध्ये मिसळावं, असं त्यांचं मत आहे. "पंपावर भरवसा टाकतात ती माणसं आळशी असतात," ते म्हणतात. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण. पेट्रोल भरून झालं की ते टोपण डोळ्यांसमोर धरून थेंब थेंब ऑइल ओततात आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांना प्रमाणाचं महत्त्व समजावून सांगतात.

इंजिन उघडणं हा त्यांचा छंद होता. होता म्हणायचं कारण असं, की लेकीचं लग्न ठरवायला व्याही आले त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सिलिंडर होता आणि पोह्यांच्या कढईत, डिझेलमध्ये, पिस्टन. व्याह्यांनी सौजन्याने विचारपूस केली. ताई गोड आवाजात म्हणाल्या, "शेवटचंच आहे हो. यापुढे इंजिन उघडलं तर गाडी विकणार म्हणालेत." साडू असं काहीही म्हणाले नव्हते. पण व्याह्यांसमोर बायकोला खोटं कसं पाडणार? त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं हे त्यांच्या लेखी सहीइतकंच बंधनकारक.

त्यानंतर दीडेक वर्षाने एका रविवारी आम्ही दोघं मोऱ्याच्या बंदरावर मासळी आणायला निघालो. गव्हाणच्या अलीकडे इंजिनाने एक बारीक किंकाळी फोडली आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. साडूंनी क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. मागचा कंटेनर आमच्या कानांवर शिव्या घालून गेला. "पिस्टन पकडला," साडू म्हणाले. म्हणजे इंजिन जाम. मोऱ्याकडून येणाऱ्या एका टेम्पोत, बर्फाच्या पेट्यांमध्ये, आम्ही गाडीसकट परत आलो. मासळी तेवढी घ्यायची राहिली.

आमच्या माहितीतले मस्कतला बारा वर्षं काढून आलेले एक मेकॅनिक आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन बसले.

"हेड खोला साहेब. दहा मिनटांत समजंल."

"खोलायचं नाही."

"मग काय, दुआ मागू?"

साडूंनी शपथेचा मसुदा बारकाईने तपासला होता. प्लग काढणं म्हणजे इंजिन उघडणं नव्हे. सायलेन्सर तर इंजिनाच्या बाहेरच. आणि सायलेन्सर काढल्यावर जे भोक दिसतं ते जन्मापासून उघडंच आहे. म्हणून मग त्या भोकात दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आणि टॉर्च घालून तपासणी सुरू झाली. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. साडूंनी तीन कारणं मांडली: कार्बोरेटरचा जेट बारीक पडला, कुठून तरी हवा शिरते, किंवा सायलेन्सरचं पोट अर्धा इंच चुकलं. तिन्हींसाठी त्यांनी कागदावर रकाने आखले.

चाचांनी भोकात बोट फिरवून बाहेर काढलं. "सुकं हाय. कतरा नाय ऑइलचा. साहेब, ऑइल टाकलंत ना?"

"मी?" साडू म्हणाले. डॉक्टरला हात धुतलेत का विचारल्यावर तो बघेल, तसे ते बघत होते.

मला तेव्हा पेट्रोल पंप आठवला. मागच्या स्कूटरवाल्याला प्रमाणाचं महत्त्व सांगायला दोन्ही हात लागतात, म्हणून साडूंनी ऑइलची बाटली माझ्याकडे दिली होती. मी ती पिशवीत टाकली. प्रवचन संपल्यावर टाकीचं झाकण लावून आम्ही निघालो होतो. हे आत्ता सांगावं की चहा झाल्यावर, असा विचार मी करत असताना ताई चहा घेऊन खाली आल्या आणि मासळीची पिशवी झटकायला उचलली. आतून बाटली निघाली. काठोकाठ भरलेली.

ताईंनी बाटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती चहाच्या ट्रेमध्ये कपांशेजारी नीट उभी केली. "चहा घ्या," त्या म्हणाल्या.

साडूंनी रकान्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. चाचांनी त्याच बाटलीतलं ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडलं. दोन दिवस गाडी तशीच राहिली. साडूही तसेच, जेवताना म्हणे मीठसुद्धा मागत नव्हते. तिसऱ्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलवली, तेव्हा चाक कुरकुरत फिरलं. साडूंनी वर गॅलरीत पाहिलं.

"उघडलं का इंजिन?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"मग विकायचा प्रश्नच येत नाही," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पूर्वी मागच्या सीटवर लेक बसायची. ती आता सासरी नागपूरला असते. रविवारी ताई बसतात, मांडीवर मासळीची पिशवी घेऊन, आणि साडू खड्डे बघून गाडी चालवतात, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पंपावर प्रवचन अजून होतं. ऑइल मात्र ताई ओततात. टोपण वापरत नाहीत, आमटीत तेल सोडावं तसं अंदाजाने सोडतात. इंजिन त्यानंतर एकदाही जाम झालेलं नाही.