उपरण्याखाली ठरलेली गाडी

मी यादीशिवाय खरेदी करत नाही. भाजीला जायचं तरी चिठ्ठी असते. त्यामुळे गाडी घ्यायची ठरली तेव्हा दोनशे पानी वही काढली, पट्टीने रकाने आखले. आठवडाभरात त्याच वहीने माझं डोकं फिरवलं.

अंबाजोगाईत आमचं फरशी-टाइल्सचं दुकान आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. जुनी गाडी कुरकुरायला लागली तेव्हा एक दिवस जेवताना मान खाली घालूनच म्हणाले, "ती जीपसारखी दिसणारी नवी निघालीय ना, ती बघायची का?"

माझ्या सासऱ्यांकडे एकेकाळी खरी जीप होती. हे तिच्यावरच, रानातल्या गाडीवाटांवर, गाडी शिकले. पुढे ती विकली. एवढंच मला माहीत होतं.

"कोणती बघू?" मी विचारलं.

"तू म्हणशील ती."

अडचण तिथेच होती. मी नको म्हटलं असतं तर यांनी "बरं" म्हणून भाकरी मोडली असती आणि जन्मात पुन्हा विषय काढला नसता. म्हणून रकाने नीट भरायचे होते.

ते भरेनात. तीन कंपन्यांच्या तीन गाड्या. तिन्ही नव्या, तिन्ही मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या. गोल दिवे, चौकोनी नाक, पाठीवर जादा चाक. त्यात एकेका गाडीचे पाच-सात प्रकार. चारही चाकांना ताकद असलेली आणि दोनच चाकांना असलेली, रस्त्याने जाताना दोन्ही सारख्याच दिसतात; किमतीत मात्र लाखांचा फरक. एका कंपनीची सगळ्यात भारी गाडी दुसरीच्या मधल्या गाडीपेक्षा स्वस्त. बीडचा आकडा वेगळा, लातूरचा वेगळा. एकीने भाव उतरवला की दुसरी भाव तोच ठेवून सीटची कव्हरं फुकट द्यायची. फोनवर सूट विचारली की सगळ्यांचं उत्तर एकच, "मॅडम, एकदा या, बसून बोलू." जुन्यासारखं दिसायचे एवढे पैसे का पडतात, हे तर मला कुणीच सांगू शकलं नाही.

शेवटी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, युसूफ वडगावहून बोलावून घेतलं. त्यांनी उभं आयुष्य बैलबाजारात दलाली केली. आमच्या घरात बैल असो की ट्रॅक्टर, त्यांचा हात लागल्याशिवाय काही आलेलं नाही.

लातूरला दोन शोरूम रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर आहेत. आबांना घेऊन गेलो त्या दिवशी आम्ही तो रस्ता चार वेळा ओलांडला. इकडचा कागद तिकडे दाखवला की तिकडचा हसून दहा हजार कमी करी. तो कागद इकडे आणला की इकडचा म्हणे, "त्यांनी विमा धरलेला नाही." मी वहीत खोडत होते. आबा एकेका गाडीभोवती फिरत होते.

"दात बघता का आबा?" यांनी विचारलं.

"बघून काय करू? आमच्या बाजारात शिंगं घासून म्हातारा बैल तरणा करून इकत्यात. हितं तरण्याला म्हातारा करून जादा पैसे मागायलेत."

दुपारी मी निर्णय सांगितला. "दोनच चाकांना ताकद असलेली घेऊ. आपल्याला कुठं डोंगर चढायचेत?"

"बरं," हे म्हणाले. ते एका शेवाळी रंगाच्या, चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीत बसले होते. उतरले आणि दार अगदी हळू लावलं.

मी विम्याचं विचारायला काउंटरवर गेले. परत आले तर आबा सोफ्यावर, त्यांच्या हातावर उपरणं, आणि त्या उपरण्याखाली सेल्समनचा हात. तिशीचा, टाय घातलेला माणूस वाकून उभा होता. आबा छताकडे बघत होते. जरा वेळाने त्यांनी हात सोडला.

"झाला सौदा, बाई."

"कितीला?"

"असं मोठ्यानं सांगत्यात का?"

बाजारात भाव बोलून ठरत नाही. उपरण्याखाली बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. हजार की लाख, ते दोघांनी समजून घ्यायचं. हे मला लहानपणापासून माहीत. सेल्समनला माहीत नव्हतं.

"मॅडम, मला वाटलं आजोबांना उठायचंय," तो म्हणाला. "म्हणून हात धरला."

"भाव पटला न्हाई तर हात झटकायचा आसतो," आबा म्हणाले. "तू तर दाबलास."

"आधार द्यायला दाबला, आजोबा."

गलका ऐकून मॅनेजर आले. ते आमच्या बीडकडचेच निघाले. त्यांनी विचारलं, "आबा, सौदा कोणत्या गाडीचा?"

आबांनी हनुवटीने शेवाळी गाडी दाखवली.

"आबा, ती नाही," मी म्हणाले. "दुसरी ठरलीय."

"तुझं ठरलं आसंल. जावईबापू तोंडानं बरं म्हणले, पर हात त्या दारावरनं निघंना. गिऱ्हाइकाचा हात मला वळखू येत न्हाई का?"

मी यांच्याकडे बघितलं. हे खाली फरशी बघत होते. आमच्या धंद्यात ते खपून जातं.

"हीच पाहिजे होती?"

"हो."

"मग सांगायचं ना."

"तुझी वही भरत आली होती."

मी वही पिशवीत टाकली. मॅनेजरने खुर्ची ओढली, म्हणाले, "आमचे वडीलबी बाजार करायचे," आणि हात उपरण्याखाली घातला. आबांनी दोनदा हात झटकला. तिसऱ्यांदा झटकला नाही. मग मॅनेजरने कागदावर एक आकडा लिहिला. तो माझ्या दोन चाकांच्या गाडीपेक्षा जास्त होता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चार चाकांच्या गाड्यांपेक्षा कमी. आबांनी आधी मागितलेला आकडा हाच का, ते दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. मॅनेजर हसत होते, म्हणजे त्यांनाही परवडलं असणार. आबाही हसत होते.

महिन्याभरात समोरच्या कंपनीने भाव उतरवला. मग आमच्या कंपनीने त्याच किमतीत जादा सामान घालून नवा प्रकार काढला. आपण कमावलं की गमावलं, ते मी तीनदा मांडून बघितलं; तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. आबांना फोन केला तर म्हणाले, "दावणीला बांधल्यावर भाव इचारू न्हाई, बाई."

मागच्या रविवारी आम्ही धर्मापुरीला देवळात गेलो. रस्ता डांबरी, कोरडा. गावाअलीकडे यांनी काही न बोलता गाडी खाली काळ्या रानातल्या गाडीवाटेवर उतरवली, चारही चाकांना ताकद देणारा छोटा दांडा ओढला, शंभरेक पावलं पुढे नेली आणि वळवून परत डांबरीवर आणली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. सगळं तसंच हाय."

कशासारखं, ते मी विचारलं नाही. पुढे देवळापर्यंत हे गुणगुणत होते. चोवीस वर्षांत मी यांना गुणगुणताना ऐकलेलं नव्हतं.