ओतिलियाची सहल

सेलाया गावच्या बाजारात ओतिलियाच्या जिभेला सगळे टरकून असत. काम मात्र तिचं फार नाजूक. घरोघरच्या बाळ येशूच्या मूर्ती तिच्या दुकानात दुरुस्तीला यायच्या. कुणाचा गाल खरचटलेला, कुणाचं नाक झिजलेलं. ती प्लास्टर भरायची, रंग द्यायची, पापण्यांचे केस एकेक करून चिकटवायची आणि दोन फेब्रुवारीच्या सणासाठी त्यांना नवे कपडे शिवायची. कुणाला आपला बाळ डॉक्टरच्या कोटात हवा असायचा, तर कुणाला फुटबॉलच्या जर्सीत. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. गिऱ्हाईकानं घाई केली की ती म्हणायची, "मरियम नऊ महिने थांबली, तुला नऊ दिवस थांबवत नाही होय?"

नवरा फिदेन्सियो शाळेत शिपाई. बायको दोघांच्या वाटचं बोलते म्हणून हा गप्प, असं लोक म्हणत. लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना मुलगी झाली, यारेत्सी. एकुलती एक. आता तासाभरावरच्या केरेतारोत नर्सिंग शिकत होती आणि तोंडानं आईच्या वरताण निघाली होती. खाण तशी माती. येत्या शनिवारी तिच्या कॉलेजात टोप्यांचा समारंभ होता. त्या दिवशी मुलीला पांढरी टोपी मिळते आणि ती टोपी सगळ्यांसमोर आईनं आपल्या हातानं तिच्या केसांत टाचायची असते. ओतिलियानं तिचा गणवेश स्वतः शिवला होता, तीनदा उसवून.

आदल्या वर्षी शेजारच्या तोमासाला फोनवरून कुणी तरी फसवलं होतं. तुमचा मुलगा पळवलाय म्हणाले, पोरगं रडतानाचा आवाज ऐकवला, आणि तोमासानं होतं नव्हतं ते देऊन टाकलं. पोरगा तिकडे आरामात सिनेमा बघत बसलेला. तेव्हा ओतिलिया भर बाजारात तिला म्हणाली होती, "पोटच्या पोराचा आवाज ओळखता येत नाही? कसली आई गं तू?" तोमासा त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नव्हती. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं!

बुधवारी दुपारी ओतिलियाचा फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे एक मुलगी हुंदके देत होती, शब्द नीट फुटत नव्हते. "आई... आई, मला धरलंय गं..."

"यारे?" ओतिलिया किंचाळली. "यारेत्सी, तू आहेस का?"

बस्स. नाव तिनंच दिलं. लगेच एका पुरुषाचा आवाज आला, शांत आणि अदबशीर. "हो मावशी, यारेत्सीच. आमच्याजवळ आहे. जेवली आहे. आता तुम्ही फोन ठेवू नका म्हणजे तिला काही होणार नाही."

मग त्यानं एकेक विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं. नवऱ्याचं नाव, त्याचा नंबर, मुलीचं कॉलेज, सणाच्या कमाईची रक्कम, शनिवारचा समारंभसुद्धा. ज्या बाईपुढे बाजार चळचळा कापायचा, ती त्या माणसाला "साहेब, साहेब" म्हणत होती. तो स्वतःला इंजिनीअर म्हणवत होता. तासाभरात सणाची कमाई त्यानं सांगितलेल्या खात्यात गेली. ती पुरेशी नव्हती. ती पुरेशी असणारच नव्हती. बाकीची सोय होईपर्यंत दोघांनी गाव सोडायचं, तो म्हणाला, कारण त्यांच्या गल्लीत त्याची माणसं उभी आहेत आणि त्यांचा भरवसा देता येत नाही. त्याचा फोन फिदेन्सियोच्या मोबाइलवर अखंड चालू राहील, खिशात, बसमध्ये, बाथरूममध्येसुद्धा. ओतिलियाच्या मोबाइलवरून नातेवाइकांना कळवायचं की आम्ही सहलीला निघालोय.

"आणि मावशी, नीट ऐका. पोरीचा फोन आमच्याकडे आहे. त्यावरून मेसेज येतील, ते आम्हीच लिहितो. फोन वाजेल, तो आम्हीच करतो, तुम्ही शब्द पाळता का ते बघायला. उचललात तर शनिवारच्या टोपीला डोकं राहणार नाही."

संध्याकाळी ते ग्वानाह्वातोत होते. इंजिनीअरनं त्यांना चुंबनाच्या बोळात पाठवलं. तिथं तिसऱ्या पायरीवर जोडप्यानं चुंबन घेतलं तर सात वर्षं भाग्य उजळतं म्हणतात, म्हणून कायम रांग असते. फिदेन्सियोच्या कानात इयरफोनची वायर होती. "तो म्हणतोय, घ्यायचं," तो पुटपुटला. "आणि फोटो काढायचा."

रांगेतली कॉलेजची पोरं ओरडायला लागली, "आजोबा, लाजू नका! दाखवा आम्हाला!" फिदेन्सियोचे ओठ थंडगार होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका पोरीनं फोटो काढून दिला आणि म्हणाली, "किती गोड दिसताय हो दोघं!"

फोटो घरच्यांच्या ग्रुपवर गेला. बहीण इमेल्दानं लिहिलं, "अखेर त्या म्हाताऱ्यानं तुला बाहेर काढलं म्हणायचं!" आणि तिच्या खाली, यारेत्सीच्या नावानं: "अगं आईऽऽ! मला न सांगता? किती भारी! पप्पा तर एकदम हिरो!"

ओतिलियानं तो मेसेज दोनदा वाचला. मेल्यांनी पोरीची बोलायची ढबसुद्धा उचलली होती. किती वेळ तिला बोलायला लावलं असेल, काय काय करून.

गुरुवारी ग्वादालाहारा. हॉटेलातल्या मुलीनं विचारलं, "लग्नाचा वाढदिवस का?" ओतिलिया म्हणाली, "हो." त्यांनी चर्चसमोर फोटो काढला, घोडागाडीत बसून काढला, रश्शात बुडवलेला पाव खाताना काढला. तो घास फोटो निघेपर्यंत तिनं तोंडात धरला आणि नंतर रुमालात काढला. दोन दिवसांत दोघांनी मिळून अर्धी भाकरी खाल्ली नव्हती. दुपारी तिच्या मोबाइलवर यारेत्सीचं नाव उमटलं, नाकाला पीठ लागलेल्या तिच्या लहानपणच्या फोटोसकट. फोन वाजत राहिला. ओतिलिया दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. आठ वेळा वाजला आणि थांबला. "शाब्बास मावशी," फिदेन्सियोच्या मोबाइलवरून इंजिनीअर म्हणाला. चालू लाइनवरून फोन वाजताना त्याला ऐकू गेला असणारच. पण ते ओतिलियाला सुचेना. भीतीनं अक्कल गहाण पडली होती.

तसं काहीच सुचलं नाही असं नाही. शुक्रवारी मासात्लानच्या बसमध्ये तिनं औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीनं लिहिलं, "हे सगळं खोटं असलं तर? तोमासासारखं?" आणि चिठ्ठी नवऱ्यापुढे सरकवली. फिदेन्सियोनं ती वाचली. त्याचे डोळे तीन दिवसांत खोल गेले होते. त्यानं खाली लिहिलं, "आणि नसलं तर?"

तिनं चिठ्ठीचे तुकडे केले आणि गिळले. इंजिनीअरला दिसणार नव्हतं, तरी गिळले.

मासात्लानचा समुद्र तिनंच निवडला होता, हे आणखी वाईट. आदल्या रात्री तो गप्पा मारल्यासारखा म्हणाला होता, "मावशी, तुम्हाला कुठं जायचं होतं आयुष्यात?" आणि तिनं खरं सांगितलं होतं, की समुद्र बघितलेला नाही. लग्न झाल्यापासून फिदेन्सियो पुढच्या वर्षी नेतो म्हणत होता. "अरेरे," इंजिनीअर म्हणाला. "काय हो काका? साधा समुद्र दाखवता आला नाही बायकोला? चला, मी दाखवतो." फिदेन्सियोनं मान खाली घातली होती.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. मोठा होता, एवढंच. इंजिनीअरचा हुकूम आला की पाण्यात उतरा आणि हसा. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, झगा भिजला. "असं नाही, तो म्हणतोय मनापासून हस," फिदेन्सियो किनाऱ्यावरून म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "हस ना गं म्हातारे. पोरीसाठी हस." ओतिलियानं तोंड उघडलं आणि हसली. आपल्याला असं हसता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. मोठमोठ्यानं, थांबवता येईना इतकं. त्या फोटोला नातेवाइकांनी सगळ्यांत जास्त बदाम दिले. इंजिनीअरच्या सांगण्यावरून तिनं खाली लिहिलं, "इथं नेटवर्क धड नाही, फोन लागत नाही. शनिवारी परस्पर समारंभाला येतो." हॉटेलचं कार्ड चालत नाही म्हणून मेहुण्याकडून पैसे मागवले. त्यानं ते आनंदानं पाठवले आणि तेही गेले.

शनिवार उजाडला. अकराला समारंभ. "पोरीला अकराच्या आत सोडतो," इंजिनीअर म्हणाला होता. हॉटेलच्या खोलीत पडदे लावून दोघं पलंगावर बसली होती. ओतिलिया ओठातल्या ओठात सगळ्या संतांना हाका मारत होती, शेवटी शेवटी शिव्याही देत होती. साडेदहाला यारेत्सीच्या नावानं मेसेज आला, "कुठं पोचलात? दोन खुर्च्या धरून ठेवल्यात." खुर्च्यांचा फोटो. फिदेन्सियोनं मान हलवली. हेही तेच लिहिताहेत. अकरा वाजले. नाव उमटलं, फोन वाजला, थांबला. पुन्हा वाजला. सव्वाअकराला, साडेअकराला. मग मेसेज: "सरांना सांगून माझा नंबर शेवटी ठेवलाय. ये ना गं." बाराला पुन्हा. मग काहीच नाही.

एक वाजता मोबाइल थरथरला. यारेत्सीच्या नावानं व्हॉइस मेसेज आला होता. ओतिलियानं तो उशीत तोंड खुपसून, कानाशी घट्ट धरून ऐकला.

"काय बाई आहेस गं तू! चार वर्षं मी मुडद्यांची अंगं पुसली, लोकांचे गू-मूत काढले, या एका दिवसासाठी, आणि तू समुद्रात पाय बुडवून दात काढत उभी आहेस? देवाच्या बाहुल्यांना एकेक पापणी चिकटवतेस, आणि पोटच्या पोरीच्या डोक्याला एक टाचणी लावायला तुला सवड नाही? टोपी कुणी लावली विचार ना! ब्रेंदाच्या आईनं! तिच्या मुलीची लावून झाली, मग माझी कीव आली तिला. सगळे बघत होते. मी सांगितलं, माझी आई मेली. कळलं? मेली म्हणून सांगितलं. बस आता कोळंबी खात!"

ओतिलिया उशीतून वर आली. तिनं पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिचा श्वास मोकळा व्हायला लागला. फिदेन्सियोनं हातानंच विचारलं, काय झालं. तिनं मोबाइल त्याच्या मोकळ्या कानाला लावला. त्यानं ऐकलं, त्याचा चेहरा पिळवटला आणि त्यानं कागदावर लिहिलं, "बोलायला लावताहेत तिला."

"नाही," ओतिलिया म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा बाजारातला आवाज खोलीत घुमला. "गोड बोलायला कुणीही लावेल, म्हाताऱ्या. असं झोडपायला कुणी शिकवत नाही. ही माझीच आहे."

फिदेन्सियोनं घाबरून ओठांवर बोट ठेवलं आणि कानातल्या वायरीचा माइक मुठीत दाबून धरला. त्याच्याकडे न बघता तिनं मुलीचा नंबर लावला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"काय आहे?" यारेत्सीनं उचलला.

ओतिलियानं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"बोल की. का समुद्राचा आवाज ऐकवायला फोन केलास?"

"तू कुठं आहेस?"

"तुला काय करायचंय?"

"अगं, तू उभी कुठं आहेस तेवढं सांग. आजूबाजूला कोण आहे ते सांग."

"कॉलेजच्या दारात. ब्रेंदा आहे, तिचे घरचे आहेत, सगळ्यांचे घरचे आहेत. बूट हातात घेतलेत, चावताहेत. झालं समाधान?"

ओतिलिया पलंगावरून घसरत खाली फरशीवर बसली. "अजून बोल," ती म्हणाली. "शिव्या दे. थांबू नकोस."

"प्यायली आहेस का तू?"

"बोल गं. काहीही बोल. मेली म्हणालीस ना? परत म्हण."

"आई, हा काय प्रकार आहे?" यारेत्सीचा आवाज थोडा खाली आला. "रडतेस कशाला?"

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात फिदेन्सियो भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हातांनी मोबाइल तोंडाजवळ धरून तो भराभर बोलत होता. आयुष्यात एवढं तो कधी बोलला नव्हता. "साहेब, बाईमाणूस आहे, चुकून लावला तिनं फोन. पाया पडतो साहेब. शब्द मोडला नाही आम्ही, इथंच आहोत, कुठं गेलो नाही. तिला मारू नका. बोट लावू नका तिला. मी घर विकतो, सोमवारी विकतो, तिला मारू नका साहेब."

"आई," यारेत्सीनं विचारलं, "पप्पा कुणाशी बोलताहेत? कुणाला मारू नका म्हणताहेत?"

ओतिलियानं डोळे पुसले.

"तुला, बाळा," ती म्हणाली. "बुधवारपासून."