वाफेच्या इंजिनातलं मधलं चाक

लातूरच्या एका वर्कशॉपात लेथ चालवणारे एक म्हातारे मिस्त्री होते. लहानथोर सगळे त्यांना मामू म्हणत. पुढं जे सांगतोय ते त्यांच्यामुळं घडलं, म्हणून आधी त्यांचं नाव घेतो. मामू, एवढंच.

मी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. हात चांगला म्हणून तिशीत त्या वर्कशॉपात फिटर झालो. डाळमिलच्या मशिनी खोलायच्या, घासायच्या, जुळवायच्या. पण ड्रॉइंगचा कागद पुढं आला की तळहात ओले व्हायचे. मला त्यातलं अर्धंच कळतं, हे सगळ्यांना आज कळतंय का उद्या, असं वाटत राहायचं.

आणि तरी माझ्या पिशवीत एक वही होती. तिच्यात मी रेल्वेची इंजिनं काढायचो. वाफेची, जगात कुठंच नसलेली. डिझेल इंजिनाचं सगळं पोटात झाकलेलं असतं. वाफेच्या इंजिनाचं कसं, काय कशाला ढकलतं ते बाहेरून दिसतं. एका इंजिनाला मी शिलाई मशीनसारखा पट्टा लावला होता, एकाला सायकलची साखळी. सगळ्यात लाडकं होतं ते चाकं जोडणाऱ्या दांड्यांशिवायचं. त्याचे सिलिंडर उभे, आणि चाकांच्या दोन्ही जोड्यांवर एकेक मोठा गियर, एकमेकांत दात अडकवून बसलेला. चार महिने तेच काढत होतो. एकच प्रश्न होता. भट्टी पेटवली, तर हे हलेल का? न्हाई म्हणालं कुणी, तर पुन्हा पेन्सिल धरायची न्हाई असं मनाशी ठरवलं होतं. म्हणून तर कुणाला विचारत नव्हतो.

एका दुपारी डबा काढताना वही खाली पडली. वेल्डरनं ती उचलली.

"आरं बघा बघा! फिटर न्हाई ह्यो, रेल्वेमंत्री हाय! मामू, तिकीट काढा लवकर!"

सगळे हसले. मामूंनी हात पुसले, वही घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला. पानं उलटत दांड्यांशिवायच्या इंजिनापाशी थांबले.

"कोपऱ्यातल्या चौकटीत नाव का न्हाई?" ड्रॉइंग ज्यानं काढलं त्याचं नाव तिथं लिहितात. मी चौकट आखायचो, रिकामी ठेवायचो.

"आठवीवाल्याचं नाव कशाला, मामू?"

मामूंनी भंगारातून एकसारखे दोन गियर उचलले, फळीवर दोन खिळे ठोकून त्यांत बसवले, खडूनं बाण काढले. "फिरव."

मी एक फिरवला. तो उजवीकडं गेला, दुसरा डावीकडं.

"देख. पुढची चाकं नांदेडला निघाली, मागची लातूरला. तुझा इंजन आपल्याआपल्यातच भांडून राहिला, भाई. कुठं बघितलास हे?"

मला लगेच कळलं कुठं. मुखेडच्या स्टँडसमोरची रसवंती. तिथले ऊस पिळायचे दोन रोलर असेच दातात दात घालून फिरतात, एकमेकांच्या उलट, म्हणून तर ऊस आत ओढला जातो. लहानपणी तेवढंच एक यंत्र मी पोटभर बघितलं होतं. मी रेल्वे म्हणून रसवंतीच काढून ठेवली होती.

मी वही मागितली. फाडायचीच होती. मामूंनी ती शर्टाच्या आत घातली.

"चूक सापडली म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं तू कर. मी जेवतो."

मी जेवलोच न्हाई. गियर जवळ घेतले, लांब केले, उलटे घातले. मग कधीतरी, का कोण जाणे, दोन्ही लांब सरकवून मधे भंगारातलंच एक छोटं दातेरी चाक बसवलं. फिरवलं. पहिलं उजवीकडं. मधलं डावीकडं. आणि तिसरं उजवीकडं.

मी हात काढून घेतला. पुन्हा फिरवलं. तीन भंगारातले तुकडे, आणि माझ्या डोक्यातलं इंजिन निघालं होतं! वेल्डर पोळी हातात धरून वाकून बघत होता. "हाव की रं," एवढंच म्हणाला.

मामू खाली बसले. लातूरला वाफेची छोटी गाडी होती तेव्हा ते रुळाला कान लावून तिची वाट बघायचे, ते सांगू लागले. "आवाज आधी लोखंडात यायचा. मग दुनियेत." सांगताना त्यांचं बोट मधल्या चाकावर होतं. मग शर्टातून वही काढली, चौकटीवर ठोकलं. "लिही."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

आज मी कोइमतूरच्या कारखान्यात गियर कापतो. इथली भाषा कळत नाही, घर फार लांब आहे, नवं ड्रॉइंग आलं की तळहात अजून ओले होतात. पण आधी चौकटीतलं नाव वाचतो, मग घाबरतो. मामूंना आता नीट दिसत नाही असं वेल्डर फोनवर सांगत होता. म्हणून ते इंजिन मी पितळेत बनवतोय, ओंजळीत मावेल एवढं. लातूरला येऊन ते तुमच्या हातात ठेवीन, मामू. डोळ्यांचं काम न्हाई. बोटानं फिरवून बघा, दोन्ही चाकं एकाच गावाला निघतील.