एकतीस तारखेपर्यंत

आमच्या पर्यंतसरांना कुठलीही गोष्ट सबंध सांगता यायची नाही. तिची दोन टोकं तेवढी सांगायचे. घर कुठं विचारलं, तर उस्मानपुऱ्याच्या चौकापासून तिसऱ्या गल्लीपर्यंत. डब्यात काय, तर मेथीपासून ठेच्यापर्यंत. मधलं आपलं आपण समजून घ्यायचं. नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांना ते आवडायचंसुद्धा.

बियाण्यांच्या कंपनीत कपाशीची जनुकं मोजायचं आमचं काम. जनुक म्हणजे लांबलचक दोरीवरचा एक तुकडा, अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंत. असे लाखभर तुकडे. मी नवी होते. प्रत्येक तुकड्यातला एकेक आकडा भरत बसले आणि संगणकानं मान टाकली. सर म्हणाले, "पोरी, रस्ता लिहून ठेवायचा तर सगळी खडी घरी आणतीस का? दोन टोकं ठेव."

एकमेकांवर चढलेले तुकडे दिसले की सरांचे हात शिवशिवायचे. लगेच जोडून एक करायचे. हा नाद पुढं फारच वाढला. माझी रजा दहा ते बारा, आमच्याच खोलीतल्या शिंदेबाईंची अकरा ते चौदा; सरांनी तक्त्यात दोघींची मिळून एकच रजा केली, दहा ते चौदा. ती नेमकी कुणाची, हे साहेबांना काही कळलं नाही. आम्ही दोघींनीही पाचही दिवस घेतले.

त्यांच्या यादीत शून्य लांबीचेही तुकडे असत, म्हणजे दोन आकड्यांच्या मधली नुसती जागा. मी ते कचरा समजून पुसायला निघाले, तर कधी नव्हे ते माझ्यावर चिडले. "लांबी नाय, पण जागा हाय ना? जागा पुसायची नाय."

त्यांच्या निवृत्तीच्या पत्रात 'एकतीस तारखेपर्यंत' असं होतं. ऑफिसनं तीसलाच शाल, नारळ, भाषणं उरकली. एकतीसला सकाळी सर डबा घेऊन हजर! खुर्चीवर नवा माणूस, पासवर्ड बंद. साहेब चाचरत म्हणाले की काल तर निरोप दिला. "पर्यंत म्हंजी तो दिवस धरून," सर म्हणाले आणि माझ्याजवळ स्टूल ओढून बसले.

माझा अहवाल त्याच संध्याकाळी जायचा होता. त्यावर मी कायम होणार की घरी बसणार, ते ठरणार होतं. सरांनी पडद्याकडं पाहून विचारलं, "पाच ते सात, किती?"

सातातून पाच गेले, मी दोन म्हणाले. सरांनी नुसती बोटं मोजून दाखवली. पाच, सहा, सात. मेले मी! ऑफिसनं सरांचा एक दिवस खाल्ला, तसा मी लाखभर तुकड्यांतला एकेक आकडा खाल्ला होता. घाईघाईनं प्रत्येकात एक मिळवला, सगळं पुन्हा मोजलं आणि अहवाल वेळेत गेला.

मी कायम झाले. सर त्याच हिवाळ्यात गेले. फार रडले मी, शिंदेबाईंच्या खांद्यावर.

कोण कुठं बसतं याची यादी आता माझ्याकडं असते. माझ्या आणि शिंदेबाईंच्या मध्ये, त्या दिवशी स्टूल ओढलं तिथं, सरांची ओळ अजून आहे, लांबी शून्य. परवा नवे साहेब म्हणाले, ही ओळ काढून टाका, तिथं कुणी बसत नाही.

मी म्हटलं, "लांबी नाय साहेब, पण जागा हाय."