एका सामन्याचं कार्ड
प्लास्टिकच्या नव्या पाकिटाचा वास आला की परदेशातला, बुकित बातोकचा आमचा फ्लॅट आठवतो. तालुक्याच्या शाळेत ज्या खेळाचं नावही ऐकलं नव्हतं, त्या बेसबॉलची, पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याची माहिती असलेली कार्डं मी तिथे जमवून अशा पाकिटांत ठेवायचो. कंपन्यांनी ज्यांना कधी छापलं नाही, अशा खेळाडूंची कार्डं हौशी लोक घरी बनवत, तीच मला हवी असत. बायकोची केमो चालू होती. एका सकाळी ती म्हणाली, "आज मी हॉस्पिटलला येणार नाही." मी नुकतंच पोस्टानं आलेलं कार्ड तिच्या हातात दिलं. मागचा मजकूर वाचून ती हसली. "अहो, हा एकच सामना खेळला, तरी याचं कार्ड?" "कुणाच्या तरी तो लक्षात राहिला." तिनं डोक्याला स्कार्फ बांधला. "चला मग. माझे अजून बरेच सामने बाकी आहेत." ते कार्ड आजही तिच्या पर्समध्ये असतं, मागितलं तरी मला देत नाही.